इन्स्ट्रुमेंट सेरिफ: जुन्या वळणाचं अरुंद अक्षर मराठीसोबत कसं वापरावं

लग्नपत्रिका, कॅफेचं मेनूकार्ड, पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा वेबसाइटचा मथळा करायला घेतला की रोमन (इंग्रजी लिपीतल्या) मजकुरासाठी थोडं जुन्या वळणाचं, पण धूळ खात पडलेलं न वाटणारं अक्षर शोधावं लागतं. फुकट मिळणाऱ्या फॉन्टांमध्ये या कामाला इन्स्ट्रुमेंट सेरिफ उत्तम आहे. इन्स्ट्रुमेंट या अमेरिकन डिझाइन कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडसाठी रॉड्रिगो फुएन्झालिदा आणि जॉर्डन एगस्टॅड यांनी तो रेखाटला आणि पुढे तो गूगल फॉन्ट्सवर सगळ्यांसाठी खुला झाला. अक्षरांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या शेपट्या आहेत, रेघ जाड-बारीक आहे, आणि अंगाने तो अरुंद आहे.

नवखी मंडळी अरुंद अक्षर निवडतात ते बहुधा जास्त मजकूर कोंबता यावा म्हणून, आणि तिथेच काम बिघडतं. या फॉन्टने वाचवलेली रुंदी अक्षराच्या आकाराला द्यायची असते. समजा, टाइम्स न्यू रोमनमध्ये १० सेंटिमीटरला जाणारी ओळ याच्यात त्याच पॉइंट साइझला ८ सेंटिमीटरमध्ये बसली, तर आकार सव्वा पट करा, म्हणजे ४० पॉइंटचा ५० करा. ओळ पुन्हा १० सेंटिमीटर भरेल, पण अक्षरं उंच आणि डौलदार दिसतील. तेच २ सेंटिमीटर भरून काढायला आणखी एक शब्द घातलात, तर मथळा दाटीवाटीने बसलेला दिसेल. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच हिशोबातून निघतात.

जुनेपणा येतो कुठून

अरुंद सेरिफ अक्षर पाहिलं की डोळ्यांना जुन्या जाहिराती आणि वर्तमानपत्रं आठवतात, त्याला कारण आहे. न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स याने १८२७ मध्ये राउटरने (लाकूड कोरणाऱ्या फिरत्या हत्याराने) लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, कोरण्याची पद्धत काढली आणि १८२८ मध्ये त्यांचा नमुना-कॅटलॉग काढला. लाकडी खिळे मोठे, हलके आणि स्वस्त. ठरावीक रुंदीच्या भित्तिपत्रकात लांब नाव मोठ्या आकारात बसवायचं, तर अक्षर उंच आणि सडपातळ करणं हाच मार्ग होता. वर्तमानपत्रांच्या अरुंद रकान्यांनाही तेच हवं होतं. अमेरिकन मथळ्यांमध्ये चेल्टनहॅम या फॉन्ट-घराण्याची अरुंद, ठळक रूपं इतकी रुळली की ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आजही मथळ्यांसाठी चेल्टनहॅमचीच मॅथ्यू कार्टर यांनी नव्याने काढलेली आवृत्ती वापरतो.

दुसरी आठवण संगणकाच्या काळातली. १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हापासून जवळपास दोन दशकं ॲपलच्या जाहिरातींमध्ये आयटीसी गॅरामंड या फॉन्टचं ८० टक्के रुंदीचं रूप दिसायचं. ते नुसतं दाबलेलं नव्हतं. बिटस्ट्रीम कंपनीने रुंदी कमी केल्यावर रेघांची जाडी सावरून घेतली होती.

हा मुद्दा नवख्यांनी नीट समजून घ्यावा. कुठलाही फॉन्ट घेऊन आडवी मोजपट्टी (हॉरिझॉन्टल स्केल) ७५ टक्क्यांवर आणली, की उभ्या जाड रेघा पाऊण होतात आणि आडव्या रेघा आहेत तशाच राहतात. जाड-बारीकचा तोल जातो. गोल अक्षरं खांद्यापाशी चिमटल्यासारखी दिसतात, सेरिफ आखूड पडतात. अरुंद म्हणूनच रेखाटलेल्या अक्षरात उभी रेघ आपली जाडी राखते आणि आतली पोकळी तेवढी लहान होते. त्यामुळे इन्स्ट्रुमेंट सेरिफ वापरताना कॅरेक्टर पॅनेलमधली आडवी आणि उभी मोजपट्टी १०० टक्केच ठेवा. आणखी अरुंद हवं असेल तर फॉन्ट बदला. हा दाबू नका.

पायरी १: फाइल मिळवा आणि बसवा

१. गूगल फॉन्ट्सवर नाव शोधून झिप फाइल उतरवा. तिच्यात रेग्युलर आणि इटॅलिक अशा दोन टीटीएफ फाइल आणि परवान्याची मजकूर-फाइल असते. बोल्ड, लाइट, मीडियम काही नाही. उतरवताना काही राहून गेलं असं समजू नका, घराणंच एवढं आहे.

२. विंडोजमध्ये दोन्ही फाइल निवडून उजवं क्लिक करा आणि सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल करा. फक्त स्वतःसाठी इन्स्टॉल केलेला फॉन्ट काही जुन्या सॉफ्टवेअरना दिसत नाही. मॅकवर फाइल फॉन्ट बुकमध्ये उघडा. त्यानंतर डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा.

३. कॅनव्हावर काम असेल तर फॉन्टच्या यादीत आधी नाव शोधा. स्वतःचा फॉन्ट अपलोड करायला तिथे पैसे भरलेलं खातं लागतं.

४. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे. व्यावसायिक काम, छपाई, लोगो, वेबसाइट, ॲप, सगळीकडे मोफत चालतो. फॉन्टची फाइल नुसती, एकटी विकता येत नाही, एवढी अट लक्षात ठेवा. ग्राहकाला फाइल देताना परवान्याची मजकूर-फाइलही सोबत द्या.

पायरी २: कुठे शोभेल, कुठे नाही, ते ठरवा

हे मथळ्याचं अक्षर आहे. बारीक रेघा मोठ्या आकारात नाजूक दिसतात आणि लहान आकारात नाहीशा होतात. छपाईत २० पॉइंट आणि स्क्रीनवर २८ पिक्सेल ही खालची मर्यादा धरून चला. चांगल्या आर्ट पेपरवर एखादी छोटी ओळ १६ पॉइंटला खपून जाते, पण परिच्छेद नाही. शोभतं ते असं: दोन ते सहा शब्दांचा मथळा, व्यक्तींची नावं, दुकानाचं किंवा ब्रँडचं नाव, प्रकरणाचं शीर्षक, लेखातलं उचलून दाखवलेलं वाक्य, मेनूतल्या विभागांची नावं, वेबसाइटवरचा मोठा आकडा.

पदार्थांच्या किमती, पत्ता, फोन नंबर, अटी-शर्ती आणि तक्ते यांना हे अक्षर लावू नका. मेनूकार्डात विभागाचं नाव यात घ्या, पदार्थ आणि किमती साध्या सॅन्स (सेरिफ नसलेल्या) फॉन्टमध्ये ९-१० पॉइंटला ठेवा. रुपयाचं चिन्ह मथळ्यात हवं असेल तर आधी टाइप करून बघा. फॉन्टमध्ये चिन्ह नसलं की सॉफ्टवेअर ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणतं आणि आकड्याशेजारी ते परकं दिसतं.

एक मत जाता जाता. साध्या सॅन्स मथळ्यात एकच शब्द इन्स्ट्रुमेंट सेरिफच्या इटॅलिकमध्ये टाकायची टूम गेली काही वर्षं स्टार्टअपच्या वेबसाइटवर इतकी पसरली आहे, की ती आता ओळखीची खूण न राहता गणवेश झाली आहे. इटॅलिक सुंदर आहे यात शंका नाही. पण ग्राहकाचा व्यवसाय पैठणीचा किंवा लोणच्याचा असेल, तर तो गणवेश त्याला चढवू नका.

पायरी ३: एक मथळा शेवटपर्यंत बसवून बघा

ए-५ आकाराची लग्नपत्रिका घेऊ: १४८ बाय २१० मिलिमीटर. चारही बाजूंना १५ मिलिमीटर मोकळे सोडले की मजकुराला ११८ मिलिमीटर रुंदी उरते. परदेशातल्या पाहुण्यांसाठी एका बाजूला वधूवरांची नावं रोमनमध्ये द्यायची आहेत.

नावं एका ओळीत बसवण्याचा हट्ट सोडा. पहिलं नाव एका ओळीत, मधे ‘आणि’चं चिन्ह, खाली दुसरं नाव. सुरुवात ४८ पॉइंटला करा आणि लांब असलेलं नाव मजकुराच्या रुंदीच्या ८०-९० टक्के भरेपर्यंत आकार वाढवत न्या. दुसरं नाव लहान असलं तरी त्यालाही तोच आकार. दोन्ही नावं सारख्या रुंदीची व्हावीत म्हणून एकाचा आकार वाढवला, की त्याच्या रेघाही जाड होतात आणि दोन माणसांपैकी एकजण मोठ्याने बोलतोय असं वाटतं. मधलं चिन्ह इटॅलिकमध्ये, नावांच्या साधारण ७० टक्के आकारात लावून पाहा.

कर्निंगची, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांमधल्या अंतराची, सेटिंग ‘मेट्रिक्स’ ठेवा, म्हणजे फॉन्टमध्ये रेखाटणाऱ्यांनी बसवलेली अंतरंच वापरली जातील. ‘ऑप्टिकल’ सेटिंग अरुंद अक्षरांत कधीकधी उगाच फटी पाडते. मग ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर. ४८ पॉइंटच्या वर उणे १० ते उणे २०, म्हणजे अक्षर-आकाराच्या एक ते दोन टक्के कमी. २० ते ३० पॉइंटला शून्य, किंवा अधिक ५. सगळी कॅपिटल अक्षरं असतील तर अधिक ३० ते ६०. कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी येण्यासाठी काढलेली असतात, सगळी शेजारी आली की चिकटतात. इंग्रजी टी-ओ, व्ही-ए, डब्ल्यू-ए अशा जोड्या तेवढ्या शेवटी डोळ्यांनी तपासा. त्या हाताने सारायच्या तर पाच-दहा एककांपलीकडे जाऊ नका.

दोन ओळींमधलं अंतर अक्षराइतकंच किंवा थोडं अधिक ठेवा: ६० पॉइंटच्या अक्षराला ६० ते ६६ पॉइंट. सॉफ्टवेअरचं आपोआप येणारं १२० टक्के अंतर परिच्छेदासाठी असतं. मोठ्या मथळ्यात त्याने ओळी एकमेकींपासून तुटतात.

आणि ठळक करण्याचं बटण दाबू नका. या फॉन्टला बोल्ड नाही, त्यामुळे वर्डसारखी सॉफ्टवेअर बाहेरून कडा फुगवून खोटा बोल्ड तयार करतात. बारीक रेघा आणि जाड रेघा सारख्याच फुगतात, लहान अक्षरांच्या आतल्या पोकळ्या बुजतात, आणि ज्या जाड-बारीकसाठी हा फॉन्ट घेतला तेच हरवतं. उठाव हवा असेल तर आकार वाढवा किंवा रंग गडद करा. भोवतीची जागा मोकळी केली तरी बरंच काम होतं.

पायरी ४: सोबतीला देवनागरी

इन्स्ट्रुमेंट सेरिफमध्ये देवनागरी नाही. मराठी मजकूर टाइप केला की सॉफ्टवेअर हाताला लागेल तो फॉन्ट आणतं, किंवा रिकामे चौकोन दाखवतं. म्हणून जोडीदार आपण निवडायचा.

दोन लिप्यांची जोडी लावताना नवखे लोक ‘दिसायला सारखं’ शोधतात, म्हणजे रोमनसारखे सेरिफ लावलेली देवनागरी. तसं करू नका. जाड-बारीकचं प्रमाण, ओळीचा एकूण काळेपणा आणि रुंदी या तीन गोष्टी जुळल्या की पुरे. देवनागरीत जुनेपणा वेगळ्या खुणांनी येतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं पाहिलीत तर भरदार गोलाई, ठसठशीत शिरोरेखा आणि जाडीतून सफाईने बारीक होत जाणारी रेघ दिसेल. जुन्या मराठी छपाईची आठवण त्यातून होते.

मोफत मिळणाऱ्यांपैकी पहिली निवड नोटो सेरिफ देवनागरी. त्याची रुंदी आणि जाडी दोन्ही बदलता येतात: रुंदी ६२.५ पासून १०० टक्क्यांपर्यंत, जाडी १०० पासून ९०० पर्यंत. ही रुंदीही रेखाटून कमी केलेली आहे, त्यामुळे दाबल्याचा दोष येत नाही. सुरुवात ८७.५ टक्के म्हणजे सेमी कंडेन्स्ड आणि जाडी ४०० अशी करा. रोमन फार सडपातळ वाटलं तर ७५ वर उतरा. त्याखाली ‘ष’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या आतल्या जागा आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’सारखी जोडाक्षरं कोंदटतात, म्हणून ६२.५ फक्त फार मोठ्या आकारालाच. जाडी ठरवायला दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून डोळे किलकिले करून पाहा. एक ओळ करडी आणि दुसरी काळी दिसली तर देवनागरीची जाडी ३०० ते ५०० च्या दरम्यान हलवा.

भपकेदार मथळ्याला इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन चालतो. त्यातला जाड-बारीक फरक टोकाचा आहे. तो इतका काळा आहे, की शेजारी इन्स्ट्रुमेंट सेरिफ फिका पडेल, म्हणून देवनागरी मोठी आणि रोमन तिच्याखाली दुय्यम असेल तिथेच घ्या. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन वेगळ्या गोत्राचा आहे. त्याचा कोरीव बोरूसारखा काट पाटीला झकास दिसतो, लग्नपत्रिकेत नाही.

जोडीदार ठरल्यावर या गोष्टी सांभाळा.

*आकार.* शिरोरेखा साधारणपणे रोमन लहान अक्षराच्या आणि कॅपिटलच्या उंचीच्या मधे कुठेतरी येते. एकाच पॉइंट साइझला देवनागरी अंगाने मोठी वाटू शकते. ती ५ ते १० टक्के कमी करून पाहा. फॉन्ट बदलला की हे प्रमाण बदलतं, म्हणून एकदा ठरलेलं दुसऱ्या जोडीला तसंच लावू नका.

*ओळींमधलं अंतर.* रोमनला ६० वर ६२ पॉइंट पुरतात, देवनागरीला नाही. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘मूर्तींना’ या शब्दाखाली ‘मैत्रीत’ ठेवून पाहा, वरच्या ओळीचा ऊकार खालच्या मात्रांना भिडतो का ते लगेच कळतं. देवनागरी मथळ्याला आकाराच्या १.३ ते १.४ पट अंतर ठेवा.

*ट्रॅकिंग.* देवनागरीला शून्य. अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. रोमनला लावलेली स्टाइल पूर्ण परिच्छेदाला लागली की ही गफलत हमखास होते, म्हणून दोन लिप्यांसाठी दोन वेगळ्या कॅरेक्टर स्टाइल करा.

*तिरपं.* रोमन इटॅलिकला जोड म्हणून देवनागरी तिरकी करायचा मोह होतो. नोटो सेरिफ देवनागरीला इटॅलिक नाही, सॉफ्टवेअर नुसतं ढकलून तिरकं करतं आणि दंड पडायला आल्यासारखे दिसतात. मराठीत तोच भर रंगाने किंवा जाडीने द्या.

*मराठी वळणं.* ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. नोटोमध्ये दोन्ही आहेत, पण मजकुराची भाषा मराठी ठरवली तरच मराठी रूपं येतात. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी करा आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. तो लावला नाही तर वेलांट्या चुकीच्या जागी जातात आणि जोडाक्षरं फुटतात. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात असतो.

कुठलाही देवनागरी फॉन्ट पसंत करण्याआधी एवढे शब्द टाइप करून पाहा: दुसऱ्या, कुऱ्हाड, ॲप, श्री, ज्ञानेश्वरी, क्षितिज, मूर्तींना, चि. सौ. कां., ॥ श्री गणेश प्रसन्न ॥. ‘दुसऱ्या’मधला र चंद्रकोरीसारखा यायला हवा. ‘ॲ’ फुटून अ आणि वरची खूण वेगळी दिसली तर तो फॉन्ट सोडून द्या.

मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदला आणि मगच फॉन्ट लावा. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं एकदा डोळ्यांखालून घाला, चुका बहुतेक तिथेच राहतात.

पायरी ५: वेबसाइटवर

गूगल फॉन्ट्सवरून दोन्ही फॉन्ट जोडा, किंवा वॉफ-२ (वेबसाठीच्या फॉन्ट) फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवा. पहिला अडथळा बहुतेकांना मथळ्याच्या टॅगमध्येच लागतो. ब्राउझर एच-१ पासून एच-६ पर्यंतचे सगळे मथळे मुळातच बोल्ड दाखवतो. बोल्डची फाइल नसल्याने तो खोटा बोल्ड बनवतो आणि फॉन्ट गूगलवर दिसला तसा इथे का दिसत नाही, असा प्रश्न पडतो. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) सगळ्या मथळ्यांना फॉन्ट-वेट ४०० लिहा. फॉन्ट-सिंथेसिस हा गुणधर्म ‘नन’ ठेवलात तर खोटा बोल्ड आणि खोटं इटॅलिक दोन्ही बंद होतात.

दुसरी अडचण सहज लक्षात येत नाही. फॉन्टच्या यादीत इन्स्ट्रुमेंट सेरिफ आधी आणि देवनागरी नंतर लिहिली, तर मराठी ओळीतले पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस आणि शब्दांमधली मोकळी जागाही इन्स्ट्रुमेंट सेरिफमधून येते, कारण ही चिन्हं दोन्ही लिप्यांना सामाईक आहेत. त्याची मोकळी जागा अरुंद अक्षरांच्या बेताची असते. मराठी शब्द एकमेकांना खेटून बसतात आणि ‘चि. सौ. कां.’मधले टिंब किरकोळ दिसतात. उपाय असा: मराठी मजकुराच्या टॅगला भाषा मराठी, म्हणजे ‘एमआर’, लावा आणि त्या भाषेसाठी यादीचा क्रम उलटा करा, देवनागरी आधी. मात्र नोटो सेरिफ देवनागरीत रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे मराठी वाक्यातलं रोमन नाव मग नोटोमध्ये दिसेल. त्या नावाला वेगळा स्पॅन करून इन्स्ट्रुमेंट सेरिफ लावावा लागतो. भाषा लावल्याचा दुसरा फायदा म्हणजे मराठी ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात.

आकडे: मोबाइलवर मथळा ४० पिक्सेलच्या आसपास, मोठ्या स्क्रीनवर ७२ ते ९६. सीएसएसमधलं क्लॅम्प वापरून मधले आकार आपोआप येऊ द्या. अक्षरांमधलं अंतर उणे ०.०१ ते उणे ०.०२ एम, फक्त रोमनला. ओळीची उंची रोमनला १.०५, मराठीला १.३५. फिकट करडा रंग टाळा. कमी रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर बारीक रेघ आधीच करडी होते, त्यात रंगही करडा असला तर मथळा विरघळतो.

छपाई, फॉइल आणि पाट्या

काळ्यावर पांढरं अक्षर हवं असेल तर काळजी घ्या. शाई कागदात पसरते आणि बारीक पांढऱ्या रेघा दोन्ही बाजूंनी खाते. २८ पॉइंटच्या खाली उलटं छापू नका, ट्रॅकिंग नेहमीपेक्षा १० ने वाढवा आणि पार्श्वभूमी चार रंगांच्या मिश्रणाऐवजी फक्त काळ्या शाईची ठेवा. चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी रेघांच्या कडेला रंगीत झाक दिसते. खरबरीत हातकागद आणि वर्तमानपत्री कागद यांवरही आकार एक पायरी मोठा घ्या.

फॉइल, एम्बॉसिंग किंवा लेटरप्रेसला द्यायच्या कामात सर्वांत बारीक रेघ ०.२५ पॉइंटपेक्षा कमी नको, फॉइलसाठी त्याच्या दुप्पट बरी. मथळा आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून, सर्वांत बारीक जागा मोजा. कमी भरली तर आकार वाढवा. बाहेरून स्ट्रोक लावून जाडी वाढवणं म्हणजे पुन्हा तोच खोटा बोल्ड. व्हिनाइल कटिंगमध्ये अशा रेघा सोलताना निघून येतात, आणि लेझरने ॲक्रिलिक आरपार कापलं तर ‘ओ’ आणि ‘ए’ यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात.

पाट्यांसाठी ढोबळ हिशोब: १० फुटांवरून सहज वाचायला १ इंच उंचीचं अक्षर. हा हिशोब रुंद, ठळक अक्षराचा आहे, इन्स्ट्रुमेंट सेरिफला दीडपट धरा. ६० फुटांवरच्या रस्त्यावरून दिसायचं तर ६ ऐवजी ९ इंच. चालत्या गाडीतून वाचायच्या फ्लेक्सला हे अक्षर घेऊच नये, बारीक रेघा लांबून तुटतात. महाराष्ट्रात दुकानाची पाटी करत असाल तर कायदाही बघा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवनागरीतलं मराठी नाव पाटीवर आधी यावं लागतं आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याच्यापेक्षा मोठी चालत नाहीत. म्हणून पाटीचा आराखडा मराठी नावापासून सुरू करा आणि रोमन नाव त्याच्याखाली बसवा. रोमन अक्षर अरुंद असल्याचा इथे फायदाच होतो, लांब इंग्रजी नावही मराठीच्या रुंदीत मावतं.

छापखान्यात फाइल पाठवताना दोन प्रती करा: एक संपादन करता येईल अशी, आपल्याकडे ठेवायला, आणि दुसरी सगळी अक्षरं आउटलाइन केलेली पीडीएफ. छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट नसला किंवा वर्ल्ड-रेडी कंपोझर बंद असला, तर रोमन मजकूर टाइम्स न्यू रोमनसारख्या फॉन्टमध्ये जातो आणि मराठीच्या वेलांट्या विस्कटतात. आउटलाइन केल्यावर शिरोरेखेच्या सांध्यांवर एकदा मोठं करून नजर टाका. एकमेकांवर चढलेले तुकडे जोडून घेतले नाहीत तर फॉइलच्या साच्यात आणि प्लॉटरच्या कटिंगमध्ये त्या सांध्यांवर रेघ उमटते, म्हणून इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधल्या ‘युनाइट’ने शब्द एकसंध करा. त्यानंतर १०० टक्के आकारात साध्या प्रिंटरवर एक प्रत काढा आणि हातभर अंतरावरून वाचा. पत्रिका त्याच अंतरावरून वाचली जाणार आहे, ४०० टक्के झूमवर नाही.